सोंगाड्या कुठं गेला?

गंगाखेडला आमच्या गल्लीत काका एकच. शाळेतून संगीत शिक्षक म्हणून निवृत्त झाले, तरी लोक ओळखतात ते पेटीवाले काका म्हणून. कीर्तन असो, काकडा असो, दिवाळी पहाट असो की कुणाच्या साठीला बोलावलेली भावगीतवाली बाई असो, बाजूला पेटीवर काका. त्यांची पुतणी पुण्यात गाणं शिकते. विशारदची परीक्षा आटोपून ती गावाकडं आली, तेव्हा लॅपटॉपमध्ये एक इंग्रजी विनोदी सिनेमा घेऊन आली. ‘वॉक हार्ड’, २००७ चा, जेक कॅस्डन या दिग्दर्शकाचा. ड्युई कॉक्स नावाच्या, जगात कधीच नसलेल्या गायकाचं हे जीवनचरित्र. गायक-वादकांवर जे गंभीर चरित्रपट निघतात, त्यांची त्यात मनसोक्त टर उडवली आहे. वसतिगृहातल्या मैत्रिणी पोट धरून हसल्या आणि हिला राग आला. काकांनाही येईल, असा तिचा हिशेब होता.

काका मैत्रिणींपेक्षा जास्त हसले. इंग्रजी अर्धंमुर्धं कळत होतं, ती थांबवून थांबवून सांगत होती, आणि बऱ्याचदा तिनं सांगायच्या आत ते हसत होते. दुसऱ्या दिवशी ओसरीवर वाद पेटला. मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो, तो तिथंच बसलो.

पुतणी: भाऊ मेलाय त्याचा, काका. कोयत्यानं मधोमध दोन तुकडे झालेत आणि तुम्ही हसायलात!

काका: तुकडे झाल्यावर तो भाऊ निवांत बोलतो की नाही? माझ्या वाटचा मोठेपणाही आता तूच मिळव म्हणतो. डॉक्टर गंभीर चेहरा करून सांगतो की, माणूस असा दोन तुकड्यांत कापला गेला की जरा अवघडच असतं. मी मेलेल्या भावावर हसलो नाही. भाऊ मेला की लगेच गाणं येतं, या हिशेबावर हसलो.

पुतणी: पण तो हिशेब खोटा कुठं आहे? जॉनी कॅशचा मोठा भाऊ जॅक १९४४ साली खरंच करवतीच्या अपघातात गेला. रे चार्ल्सचा धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत टपात बुडाला. त्या दोघांवरचे सिनेमे, ‘रे’ २००४ चा आणि ‘वॉक द लाइन’ २००५ चा, ही दुःखं दाखवतात कारण ती घडली. दोन वर्षांनी ही मंडळी आली आणि त्याच जखमेवर विनोद केला.

काका: घडलं हे खरं. पण लाखो पोरांचे भाऊ गेलेत, बाई. दुष्काळात गेले, पटकीत गेले, गोदावरीत पोहायला जाऊन गेले. सगळे गायक झाले का? सिनेमा काय करतो, एक मरण घेतो आणि त्याला गाण्याचं कारण करून टाकतो. मधली वीस वर्षं सूर लावण्यात गेली, बोटं सोलली, ते दाखवायला वेळ लागतो आणि बघायला कंटाळा येतो. मरण दोन मिनिटांत होतं.

इथं मला काकांचं पटलं, हे नोंदवून ठेवतो. ‘वॉक द लाइन’मध्ये बाप म्हणतो की सैतानानं भलताच पोरगा नेला. ‘वॉक हार्ड’मधला बाप तेच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत संपूर्ण सिनेमाभर, जेवताना, भांडताना, वाटेत भेटला तरी म्हणत राहतो. मूळ वाक्यात फारसा बदल नाही. नुसतं पुन्हा पुन्हा म्हटल्यानं ते हास्यास्पद होतं, म्हणजे पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच त्यात काही पोकळ असणार.

पुतणी: मग आपल्या ‘बालगंधर्व’चं काय करता? २०११ साली तुम्हीच मला परभणीला घेऊन गेला होतात. मी किती लहान होते, तरी मला आठवतंय. मुलगी गेलीय आणि ते रंगून स्टेजवर उभे राहतात, त्या प्रसंगाला तुम्ही रडला होतात.

काका: रडलो. आज लावलास तर आजही रडीन. सुबोध भावेनं काम तसं केलंय आणि आनंद भाटेचा गळा तसा लागलाय. त्याला राष्ट्रीय पुरस्कार उगीच नाही मिळाला. पण रडलो म्हणजे साचा खरा झाला का? साचा चालतो म्हणून तर रडलो.

पुतणी: तिथं साचा कुठाय? १२ मार्च १९११. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी लेक गेली. हे इतिहासात आहे.

काका: आहे ना. मग त्याच तारखेचं आणखी एक सांगतो. त्या रात्रीच्या चाली कुणाच्या? गोविंदराव टेंब्यांच्या. आणि टेंबे मूळचे कोण? पेटीवाले. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसलेला माणूस. खाडिलकरांचं नाटक, पेटीवाल्याच्या चाली, तालमीत घासून घासून बसवलेला प्रयोग. लेक गेली नसती तरी ‘मानापमान’ तेवढाच गाजला असता. ते दुःख बालगंधर्वांचं, त्यांच्या घरातलं. गाणं कशानं उभं राहिलं हे विचारशील, तर टेंब्यांकडं जावं लागेल. तिकडं कॅमेरा जात नाही.

पुतणी: तुम्हाला पेटी दिसली की बाकी काही दिसत नाही.

काका: दिसत नाही. पन्नास वर्षं गाणाऱ्याच्या पाठीकडून दुनिया बघितलीय मी.

चहा आला. चहाबरोबर पुतणीनं विषय बदलला नाही, उलट धार लावून आणली. तिचं म्हणणं असं की, थट्टा करणाऱ्यांचं काही पणाला लागलेलं नसतं. ‘वॉक हार्ड’ पाहून कुणी रियाजाला बसत नाही. ‘मी वसंतराव’ पाहून बसतं.

पुतणी: तो २०२२ ला आला तेव्हा मी बारावीत होते. घरात सगळे म्हणत होते, गाण्यात पोट भरत नाही. सिनेमात काय दिसलं? वसंतराव देशपांडे मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत कारकुनी करतात, बदलीवर पार ईशान्येच्या टोकाला जातात, चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ गायक होतात, आणि १९६७ ला ‘कट्यार काळजात घुसली’चे खाँसाहेब होतात. मला ते बघून धीर आला. लाहोरला असदअली खाँसाहेबांकडं महिनोन्‌महिने फक्त मारवा घोटतात, तो भाग बघून मी क्लासात जाऊन विचारलं, एकच राग इतके दिवस का? हे काम कोण करणार, तुमचा ड्युई कॉक्स?

काका: नाही करणार. हा मुद्दा तुझा.

काका असे चटकन मुद्दा सोडत नाहीत, म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. ते बशीतला चहा फुंकत होते. पुढचं वाक्य तयार होतंच.

काका: पण तू सांगितलंस त्यात बघ. तुला धीर कशानं आला? कचेरीनं, बदलीनं, एकच राग घोटण्यानं. जिथं सिनेमा साच्याबाहेर गेला, तिथं तुझ्या कामी आला. माणूस मोठा होतो, दारू येते, बायको रडते, शेवटी टाळ्या पडतात, त्यातलं तू काही सांगितलं नाहीस.

पुतणी: दारू त्यांनी घेतली असेल तर दाखवायची नाही का?

काका: दाखवा की. फक्त ठरल्या घटकेला दारू आली की मला कळतं आता इंटरव्हल होणार. शांतारामबापूंच्या ‘लोकशाहीर राम जोशी’पासून हेच बघतोय आपण. १९४७ चा सिनेमा. कीर्तनकाराच्या घरातला पोरगा, फडाच्या नादी लागतो, वर जातो, खाली येतो. जयराम शिलेदार राम जोशी, हंसा वाडकर बया, लिहिलं गदिमांनी. उत्तम सिनेमा! पण त्या राम जोशीत आणि तुझ्या त्या अमेरिकन गिटारवाल्यात, कपडे सोडले तर, फरक किती?

हंसा वाडकरांचं नाव निघाल्यावर मला राहवलं नाही. राम जोशीतली ही बया दोन वर्षांनी, १९४९ ला ‘संत जनाबाई’त जनाबाई झाली, म्हणजे आमच्या गंगाखेडची लेक. पुढं तिनं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन दिलं आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. चरित्रपटांत काम केलेली बाई स्वतःच एका चरित्रपटाचा विषय झाली. ‘भूमिका’त मात्र ठरलेला चढउतार नाही, कारण वाडकरांनी स्वतःला मखरात बसवून घेतलं नव्हतं. मी हे बोललो. दोघांनीही मान हलवली आणि दोघांनीही ते आपापल्या बाजूनं मोजलं.

पुतणी: बरं, एक मला कळलं नाही. सुरुवातीलाच तुम्ही एवढे का हसलात? अजून काही घडलंही नव्हतं.

काका: अगं, प्रयोगाची वेळ झालीय, पोऱ्या शोधत येतो आणि हा गायक अंधारात भिंतीला डोकं टेकून उभा. मग तो ड्रमवाला, सॅम, पोऱ्याला सांगतो, थांब, वाजवायच्या आधी त्याला आपलं अख्खं आयुष्य आठवून घ्यावं लागतं. आणि तिथून मागची गोष्ट सुरू! मी किती जणांबरोबर बसलो असेन. स्टेजवर जायच्या आधी गायक काय आठवतो ठाऊक आहे का? घशात काय अडकलंय. माइकवाला कोण आहे. आधीच्या गायकानं आपला राग तर गाऊन टाकला नाही ना. लाइट जाईल का. पाकीट आधी मिळेल की नंतर. आयुष्य आठवायला लागला तर पहिला षड्जच घसरेल!

पुतणी: ‘वॉक द लाइन’मध्ये ते तुरुंगात आहे. फॉल्सम तुरुंगात १९६८ चा कार्यक्रम, कैदी पाय आपटायलेत आणि कॅश मागच्या खोलीत करवतीच्या पात्याकडं बघतोय. मला तो प्रसंग आवडतो.

काका: मलाही आवडेल. पण ते वाक्य कोण बोललं ते बघितलंस का? ड्रमवाला. साथीदार! त्या सगळ्या सिनेमात खरं बोलणारा माणूस तो एकटा. तो दरवेळी संडासात नशा करताना सापडतो, गायकाला म्हणतो, तुझ्या कामाचं नाही हे, जा. मग त्या नशेचे सगळे गुण सांगतो आणि देतो. आणि शेवटी भांडण होतं तेव्हा काय काढतो? इतकी वर्षं माझ्याकडून घेतलंस, एकदाही पैसे दिले नाहीस. मी तर टाळीच वाजवली.

पुतणी: ते बघितलं मी. काकू आतून धावत आल्या, काय झालं म्हणून.

काका: तिला माहिती आहे ना मी काऊन टाळी वाजवली. नारळ आणि शाल एवढ्यावर किती रात्री काढल्यात. एका ठिकाणी तर सत्कारात गायकाचं नाव, तबलजीचं नाव, माइकवाल्याचं नाव, आणि पेटीला ‘साथसंगत’. माणसाचं नावच साथसंगत! नंतर त्याच गायकाचं गौरवपुस्तक निघालं, त्यात फोटोत माझा हात आहे. कोपरापर्यंत.

पुतणी हसली. वाद सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. काकांच्या लक्षात आलं, पण त्यांनी त्याचा फायदा घेतला नाही. मला वाटतं, ते इथून पुढं तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त भांडत होते.

काका: बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला कोण? अहमदजान थिरकवा. सारंगीला कादरबक्ष. थिरकवांना पुढं पद्मभूषण मिळालं. हे दोघं विंगेच्या कडेला बसून रोज रात्री काय बघत असतील? शालू, अत्तर, कर्ज, गर्दी, रिकाम्या खुर्च्या. थिरकवांच्या नजरेतून ‘बालगंधर्व’ काढला असता तर?

पुतणी: तर त्यात थट्टा नसती.

काका: थोडी असती. साथीदाराच्या डोळ्यात थोडी असतेच.

पुतणी: काका, तुम्हाला माहिती आहे का, तुमचा तो ‘वॉक हार्ड’ पडला? साडेतीन कोटी डॉलर खर्च, दोन कोटींच्या आसपास मिळाले. आणि ज्या साच्याची यानं एवढी खिल्ली उडवली, त्याच साच्यातला ‘बोहेमियन रॅप्सडी’ २०१८ ला आला. नव्वद कोटींहून जास्त डॉलर आणि चार ऑस्कर. त्यातल्या गायकाला आजार झाल्याचं त्यांनी १९८५ च्या मोठ्या कार्यक्रमाआधीच दाखवलं. आजाराचं निदान सहसा १९८७ चं मानतात. म्हणजे तुमच्या कॉक्सनं अकरा वर्षांपूर्वी जे जे करू नका म्हटलं, ते सगळं केलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. लोकांना साचा हवाय.

काका: (बराच वेळ) हो.

पुतणी: आणि मला ते वाईट वाटत नाही. आपल्या जनाबाईचंच घ्या. दामा-करुंडाची पोर, लहानपणीच नामदेवांच्या घरी पंढरपूरला दासी म्हणून गेली. दळणकांडण, शेणगोठा. तिचं चरित्र कोण लिहिणार होतं? राजाचं बखरकार लिहितात, बुवाचं शिष्य लिहितात. जनाबाईसाठी लोकांनी साचाच वापरला. विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो, शेणी थापतो, तिच्यावर चोरीचा आळ येतो, सुळाचं पाणी होतं. हा ठराविक चमत्कार नसता तर साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर उरले असते का? ही गोष्ट तिच्या अभंगांची पेटी आहे, काका. गाण्याखाली सूर धरून ठेवणारी. तुम्ही पेटीवालेच ती फोडायला निघालात.

मी मनात दाद दिली. मोठ्या माणसाची थट्टा केली तर त्याच्याकडं गाण्याच्या ध्वनिफिती, पुस्तकं, पुतळे उरतातच. ज्याच्याकडं फक्त गोष्ट आहे, त्याची गोष्ट हलवताना हात जपून लावावा लागतो. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’नं हे फार नेमकं साधलं होतं. चमत्कार आहेत, विमान आहे, पण आवलीच्या तोंडून घरातली चूल सतत बोलत राहते, आणि सालोमालोसारखा माणूस तुकोबांचे अभंग आपलेच म्हणून मिरवतो तेव्हा थेटरात हशा पिकतो. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम त्या हशानं डागाळत नाही, उलट जवळचा वाटतो. दामले-फत्तेलालांच्या त्या सिनेमाचा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तो काही नुसत्या भक्तीमुळं नसावा.

काका: मी फोडायला निघालो नाही. मी विचारतोय, आपल्यातला सोंगाड्या कुठं गेला?

पुतणी: कुठला?

काका: तमाशात गवळण लागते. कृष्ण देवच आहे, पण त्याच्या शेजारी पेंद्या आहे आणि बायकांच्या बाजूनं मावशी आहे. देवाची सरळ सरळ खेचतात. कुणी उठून जातं का? गोंधळात नायक आख्यान लावतो आणि त्याचा साथीदार मधेच खुळ्यासारखं विचारतो, मग पुढं काय झालं, आणि ते खरंच झालं का. संबळ वाजतेय, तुणतुणं चालू आहे, आणि हा शंका काढतोय. आपल्या परभणीचे राजाराम कदम गोंधळी गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेले. उद्या कुणी त्यांच्यावर सिनेमा काढला तर नायकाचं पागोटं दिसेल, त्याच्या आख्यानात शंका काढणारा साथीदार गाळतील. थट्टा आपल्याकडं मांडवातच बसलेली होती. अमेरिकेत ती बाहेरून आणावी लागली, कारण त्यांच्या चरित्रपटात तिला कुणी जागाच ठेवली नव्हती. आपण होती ती जागा बुजवली.

पुतणी: बुजवली कुणी?

काका: भक्तीनं नाही बुजवली. जनाबाईनं स्वतः विठ्ठलाला शिव्या घातल्यात, तेही अभंगात. नाथांनी भारुडं लिहिली, वेडी झाले, जोशी झाले, महार झाले. आणि बघ काय गंमत, बालगंधर्वांनी सिनेमात पुरुषाची भूमिका केली ती नाथांचीच. ‘धर्मात्मा’, १९३५. आधी नाव ‘महात्मा’ होतं, सरकारला त्यात गांधीजी दिसले, म्हणून बदलायला लावलं.

पुतणी: ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये विनोद आहे की. शाहीर साबळ्यांचं ‘यमराज्यात एक रात्र’ आहे, मुक्तनाट्यं आहेत.

काका: आहेत. पण शाहिरांनी जगाची थट्टा केली, ती दाखवलीय. शाहिरांची थट्टा कुणी केलीय त्यात? केदार शिंदे त्यांचा नातू. ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे स्वतःच आजोबा झालाय. दोन्ही सिनेमे नातवंडांचे. नातवानं आजोबांवर सिनेमा काढला तर तो हळवा होणारच, मला मान्य. पण आजोबांची नक्कल घरात सगळ्यात आधी कोण करतं? नातूच की!

पुतणी: घरात. गावासमोर नाही. आजोबांची सर्दी आणि त्यांचं नाक शिंकरणं मी तुमच्यासमोर करून दाखवीन, सप्त्यात नाही करणार. आणि तुम्ही म्हणता तसा सोंगाड्या हवा असेल तर ‘एक होता विदूषक’ झालाय की १९९२ ला. पुलंनी लिहिला, जब्बार पटेलांनी केला. अबुराव सोंगाड्या, फडातून सिनेमात, सिनेमातून राजकारणात. तोही जगात नसलेला माणूस, तुमच्या ड्युईसारखाच. लोकांना लक्ष्मीकांत बेर्डे असा गंभीर नको होता.

काका: तिथं सोंगाड्याचा सुद्धा नायक करून टाकला. त्याच्याही शेजारी दुसरा सोंगाड्या हवा होता. दादा कोंडक्यांना ते कळलं होतं, १९७१ चा ‘सोंगाड्या’ बघ. नायकच खुळा. त्याला मोठं व्हायचंच नाही, नुसतं फडात घुसायचंय.

ह्यावर मी मधे पडलो. म्हटलं, २०२२ मध्ये अमेरिकेत आणखी एक सिनेमा आला, ‘वीअर्ड’. लोकप्रिय गाण्यांची विडंबनं करून नाव कमावलेला अल यांकोविक, त्यानं स्वतःचंच खोटंनाटं चरित्र लिहिण्यात हात घातला आणि डॅनियल रॅडक्लिफनं, आपल्या हॅरी पॉटरवाल्यानं, त्याचं काम केलं. दुसऱ्याच्या आजोबांना हात न लावता स्वतःलाच मखरात बसवून स्वतःच मखर मोडायचं. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’त दुसऱ्या कवींच्या टोप्या उडवल्या. हा गृहस्थ स्वतःची उडवतो. पुतणीला हा मार्ग पटला. काकांना नाही.

काका: स्वतःवर हसणं सोपं, त्यात धोका नाही. आणि त्यातही शेवटी पडद्यावर मीच! शिवाय त्या ड्युईच्या सिनेमात मला एक गोष्ट फार मोलाची वाटली. तो जॉन सी. रायली सगळी गाणी स्वतः गायलाय. विनोदी सिनेमाय म्हणून कुठं बेसूर चालवून घेतलं नाही. एकेका काळाची चाल, वाद्यं, ठेका बरोबर पकडलाय. गोल्डन ग्लोबला त्याचं नाव होतं, गाण्याचंही होतं. थट्टा करायला आधी ते गाणं गळ्यात यावं लागतं. ज्याला यमन येत नाही, त्यानं यमनची नक्कल करून दाखवावी.

पुतणी: हे मला पटलं.

काका: मग सांग, गंगाखेडचा ‘वॉक हार्ड’ काढायचा तर जनाबाईच्या गोष्टीत सोंगाड्या कोण?

पुतणी: जनाबाईच्या गोष्टीत नको, काका.

काका: तुझ्या गोष्टीला धक्का लावत नाही मी. ती आहे तशीच राहू दे. रात्री विठ्ठल येतो, दळू लागतो, थकून तिथंच झोपतो. पहाटे काकडा व्हायच्या आत देवळात उभं राहायचंय, म्हणून घाईघाईत उठतो आणि काय करतो? आपला शेला आणि पदक तिथंच विसरतो, जनीची वाकळ पांघरून पळतो. सकाळी बडवे बघतात तर देवाच्या गळ्यात पदक नाही, अंगावर फाटकी वाकळ! आळ कुणावर? जनीवर. सूळ कुणाला? जनीला. आता सांग, कपडे बदलून घोटाळा करणारा, नायिकेला सुळावर चढवणारा आणि वर कमरेवर हात ठेवून काही झालंच नाही असा उभा राहणारा, तमाशात त्याला काय म्हणतात?

पुतणी पदर नसल्यानं तोंडावर ओढणी धरून हसत होती. काकू आतून म्हणाल्या, देवाचं काहीतरी बोलू नका हो.

काका: मी कुठं बोलतोय? आपले बुवा दरवर्षी एकादशीच्या कीर्तनात हेच सांगतात, अख्खा मांडव हसतो, आणि सुळाचं पाणी झालं की तोच मांडव रडतो. मी पेटीवर असतो ना. हशाला एक सूर सोडून देतो आणि रडण्याला धरून ठेवतो.

पुतणी: कीर्तनात चालतं. सिनेमात टाका, थेटरच्या काचा राहणार नाहीत.

काका: मग सिनेमात नको. आधी सप्त्यात करू. ड्युईसारखा एक बुवा, आणि त्याच्या मागं सॅमसारखा टाळकरी. बुवा म्हणणार, माझ्या गाण्यामागं फार मोठं दुःख आहे. टाळकरी म्हणणार, दुःख नाही, मागच्या सप्त्याची बाकी आहे.

पुतणी: आणि पेटीवर कोण?

काका: तू. मी समोर बसून हसणार. आणि एक ध्यानात ठेव, पाकीट मागायचं नाही.